निळी-पिवळी पताका : समुद्रावरील पहाऱ्याची गोष्ट

५ सप्टेंबर १९७२. आपल्याकडे शाळाशाळांतून शिक्षकदिन साजरा होत होता. त्याच दिवशी सकाळी आइसलँडच्या उत्तरेकडील समुद्रात तेथील तटरक्षक दलाचे 'एगिर' हे गस्ती जहाज एका मासेमारी ट्रॉलरजवळ येऊन पोहोचले. ट्रॉलर काळ्या रंगाचा होता. त्याच्यावर नाव दिसत नव्हते, नोंदणीचा क्रमांकही दिसत नव्हता. 'एगिर'वरून विचारणा झाली : तुमचे नाव काय? क्रमांक काय? ट्रॉलरच्या कप्तानाने ते सांगायला नकार दिला. पुन्हा ताकीद दिली, तेव्हा उत्तरादाखल रेडिओवर 'रूल, ब्रिटानिया' या गाण्याची तबकडी वाजू लागली!

ट्रॉलर कोणत्या देशाचा आहे हे सांगायला एवढे पुरेसे होते. पण कोणता ट्रॉलर, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी 'एगिर'ने जाळे तोडण्याचे एक नवे अवजार पाण्यात सोडले आणि ट्रॉलरच्या जाळ्याची एक पोलादी तार कापून टाकली. संतापलेल्या खलाशांनी गस्ती जहाजावर कोळसे, केरकचरा आणि एक कुऱ्हाडही फेकली. तो ट्रॉलर म्हणजे हल बंदरातील 'पीटर स्कॉट', क्रमांक एच १०३, हे नंतर निष्पन्न झाले.

भांडण कशाचे होते? आइसलँडने १ सप्टेंबर १९७२ पासून आपली मासेमारीची हद्द किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपर्यंत वाढवली होती. ब्रिटनला ती मान्य नव्हती. इतिहासात हा संघर्ष 'कॉड युद्ध' म्हणून ओळखला जातो. त्यात कोण बरोबर होते हा वेगळा विषय आहे. आपल्याला येथे एका छोट्या गोष्टीकडे पाहायचे आहे. त्या कप्तानाने आपल्या ट्रॉलरचा क्रमांक का झाकला असेल? आणि समुद्रात एखादे जहाज दुसऱ्या जहाजाला 'थांब' म्हणते, तेव्हा त्याने थांबावे तरी का? रस्त्यावरचा पोलीस गणवेशावरून ओळखता येतो. समुद्रावरील पोलीस कशावरून ओळखायचा?

या प्रश्नांची उत्तरे शोधायला त्या घटनेच्याही ९० वर्षे मागे, उत्तर समुद्रावर जावे लागते.

सहा देश आणि एक समुद्र

ब्रिटन आणि युरोपची मुख्य भूमी यांच्यामध्ये उत्तर समुद्र पसरलेला आहे. हा समुद्र उथळ असून हेरिंग, कॉड अशा माशांनी समृद्ध होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाड्या आणि बर्फ यांच्यामुळे ताजे मासे दूरच्या शहरांपर्यंत पोहोचू लागले. मागणी वाढली, तशा समुद्रावर होड्याही वाढल्या. ब्रिटन, नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी आणि डेन्मार्क या सहा देशांचे मच्छीमार एकाच पाण्यात जाळी टाकू लागले.

त्यांच्या पद्धती मात्र वेगवेगळ्या होत्या. हेरिंग पकडणारे लोक रात्री लांबच लांब जाळी पडद्यासारखी पाण्यात सोडत आणि त्यांच्याबरोबर वाहत राहत. दुसरे काही समुद्राच्या तळावरून जाळे ओढत नेत. अंधारात ओढणाऱ्याचे जाळे वाहत्या जाळ्यात अडकले, की मोठे नुकसान होई. गुंता सोडवण्याऐवजी दुसऱ्याचे जाळे कापून मोकळे होणारेही होते. त्यासाठी धारदार पाती लावलेले एक खास अवजारच काही जण बाळगत. त्याला इंग्रज मच्छीमार 'सैतान' म्हणत! सकाळी उठून पाहावे तो जाळी कापलेली. कोणी कापली? कोणत्या देशाच्या होडीने? कोणालाच सांगता येत नसे. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध, आणि कोणत्या न्यायालयात?

किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत ज्याच्या त्याच्या देशाचा कायदा चाले. त्यापलीकडचा समुद्र सर्वांचा, म्हणजेच कोणाच्याच पहाऱ्याखाली नसलेला. या स्थितीवर उपाय म्हणून सहा देशांचे प्रतिनिधी नेदरलँड्समधील हेग शहरी जमले आणि ६ मे १८८२ रोजी त्यांनी एका करारावर सह्या केल्या. किनारी हद्दीबाहेरील मासेमारीवर पहारा कसा ठेवायचा, हा त्या कराराचा विषय होता.

कराराची कल्पना साधी पण नवी होती. सहाही देशांनी आपापल्या सरकारी गस्ती जहाजांमार्फत पहारा ठेवायचा. एखाद्या डच गस्ती जहाजाला इंग्रज मासेमारी होडीने नियम मोडल्याचे दिसले, तर ते तिची तपासणी करू शकेल आणि घडलेल्या प्रकाराची लेखी नोंद करू शकेल. प्रकार गंभीर असेल तर ते होडीला तिच्याच देशाच्या बंदरात नेऊन तेथील अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करू शकेल. पण खटला चालणार तो होडीच्या स्वतःच्या देशातील न्यायालयात. थोडक्यात, परक्या देशाचे गस्ती जहाज साक्षीदार होऊ शकत होते, न्यायाधीश नाही.

आता अशा व्यवस्थेत दोन गोष्टी अत्यावश्यक ठरतात. पहारेकऱ्याला होडी ओळखता आली पाहिजे, आणि होडीला पहारेकरी ओळखता आला पाहिजे.

अक्षर पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचेच का?

पहिल्या गोष्टीची तरतूद करारात फार बारकाईने केलेली आढळते. प्रत्येक मासेमारी होडीची नोंदणी झाली पाहिजे. तिच्या बंदराचे आद्याक्षर आणि तिचा क्रमांक नाळेच्या दोन्ही बाजूंना, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या तेलरंगाने रंगवला पाहिजे. होडी पंधरा टन किंवा त्याहून मोठी असेल तर अक्षराची उंची ४५ सेंटिमीटर आणि रेघेची जाडी ६ सेंटिमीटर हवी. लहान होडीसाठी ही मापे २५ आणि ४ सेंटिमीटर. मुख्य शिडावरही हीच अक्षरे असावीत, तीही एक-तृतीयांशाने मोठी. ती पुसणे, झाकणे किंवा लपवणे हा गुन्हा. 'पीटर स्कॉट'चा एच १०३ हा क्रमांक याच परंपरेतला. 'एच' म्हणजे हल बंदर. क्रमांक झाकला की लेखी नोंद करायला काही उरत नाही. नव्वद वर्षांपूर्वी ज्या पळवाटेला बंदी घातली होती, तीच त्या कप्तानाने वापरली होती.

पण ही मापे आली कुठून, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. करार करणाऱ्यांनी कोणता हिशेब केला होता ते बाजूला ठेवू. आपण आपला हिशेब करून पाहू.

निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील फरक ओळखता येतो. १०० मीटर अंतरावर एका कलेचा कोन म्हणजे जवळजवळ ३ सेंटिमीटर. तेव्हा ६ सेंटिमीटर जाडीची रेघ सुमारे २०० मीटरवरून स्पष्ट वेगळी दिसेल. शिडावरील अक्षर एक-तृतीयांशाने मोठे, म्हणजे रेघ ८ सेंटिमीटरची. ते सुमारे २७० मीटरवरून वाचता येईल. वीसपट मोठे दाखवणारी दुर्बीण असेल तर हेच अंतर कागदावर चार-पाच किलोमीटर होते. प्रत्यक्षात जहाज हलते, हवा धूसर असते, म्हणून ते बरेच कमी भरते. तरीही गोळीच्या किंवा हाकेच्या अंतरात न जाता होडीची ओळख पटवण्याइतके ते नक्कीच आहे. चष्म्याच्या दुकानात भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता दिसतो, तो नेदरलँड्समधीलच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली याच कोनाच्या हिशेबावर तयार केला होता. करार हेगमध्ये झाला हा योगायोग, पण ध्यानात ठेवण्याजोगा.

दारूची दुकाने आणि 'एस' अक्षर

उत्तर समुद्रावर आणखी एक उपद्रव होता. मासेमारी होड्यांचे ताफे आठवडेच्या आठवडे समुद्रातच राहत. पकडलेले मासे वेगळ्या वाहक होड्या बंदरात नेत. घरापासून दूर, थंडीवाऱ्यात राबणाऱ्या या माणसांजवळ तरंगती दुकाने येत. तंबाखूच्या निमित्ताने ती दारू विकत. पैसे नसतील तर मोबदल्यात मासे चालत, दोर चालत, जाळीही चालत. जाळी अर्थात मालकाची! नशेत माणसे समुद्रात पडून बुडत. खोल समुद्रातील मच्छीमारांसाठी १८८१ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या एका सेवाभावी संस्थेने आपल्या होड्यांवरून स्वस्त तंबाखू विकून या दुकानांचे गिऱ्हाईक तोडायला सुरुवात केली.

१६ नोव्हेंबर १८८७ रोजी हेग येथेच दुसरा करार झाला आणि उत्तर समुद्रात मच्छीमारांना दारू विकण्यावर बंदी आली. मात्र अन्नधान्य आणि इतर वस्तू विकायला हरकत नव्हती. त्यासाठी परवाना काढावा लागे. परवाना घेतलेली होडी दुरून कशी ओळखायची? तिने पांढऱ्या बावट्यावर मध्यभागी काळे 'एस' अक्षर, असा ठरलेला बावटा लावायचा. बावटा असेल ते परवान्याचे दुकान, नसेल ते चोरटे. समुद्रावर कागद दाखवायला जवळ जावे लागते. बावटा दुरूनच कागदाचे काम करतो.

पहारेकऱ्याची खूण

आता दुसरी गोष्ट : पहारेकरी ओळखू येणे. गस्ती जहाजावर त्याच्या देशाचा ध्वज असतोच. पण ध्वजावरून फक्त देश कळतो, काम कळत नाही. युद्धनौका सरावासाठी आली आहे, वाटेने चालली आहे, की मासेमारीची तपासणी करणार आहे, हे कसे कळावे? त्यासाठी उत्तर समुद्रावरील मासेमारी-रक्षक जहाजांवर निळ्या आणि पिवळ्या रंगांची त्रिकोणी पताका लावण्याची प्रथा रूढ झाली. ध्वज सांगतो, 'मी अमक्या देशाचा'. पताका सांगते, 'मी आत्ता तपासणीच्या कामावर आहे'. राष्ट्रध्वज कायमचा, पताका कामापुरती.

निळा आणि पिवळा या जोडीत एक गंमत आहे. पिवळा हा उजळ रंग आणि गडद निळा हा काळपट. त्यामुळे रंग नीट दिसले नाहीत तरी उजेड-अंधाराचा फरक टिकून राहतो. युरोपात शंभर पुरुषांमध्ये सुमारे आठ जणांना लाल आणि हिरवा यांतील फरक नीट कळत नाही. निळ्या-पिवळ्याचा मात्र कळतो. निवड करणाऱ्यांनी असा विचार केलेला असो वा नसो, निवड चांगली झाली. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेत-बावट्यांतही लाल, निळा, पिवळा, काळा आणि पांढरा हे पाचच रंग वापरतात, हिरवा नाही.

या संकेत-बावट्यांत पिवळ्या-काळ्या चार चौकटींचा 'एल' हा बावटा आहे. त्याचा अर्थ : 'तुमचे जहाज ताबडतोब थांबवा.' पताका म्हणजे गणवेश, आणि 'एल' म्हणजे हात वर करून केलेली खूण, असे मुलांना सांगता येईल.

पुढे मासेमारी आणखी दूरच्या महासागरात गेली, तशी पताकेची गरजही वाढली. वायव्य अटलांटिकमध्ये मासेमारी करणाऱ्या देशांनी आपल्या संयुक्त आयोगामार्फत १९७१ पासून एकमेकांच्या जहाजांची तपासणी सुरू केली. तपासनीस ज्या जहाजावर असेल, त्या जहाजाने आयोगाने ठरवून दिलेली खास पताका लावायची आणि तपासनिसाने ओळखपत्र दाखवायचे, असा नियम झाला. म्हणजे एखादा कॅनडाचा तपासनीस स्पेनच्या ट्रॉलरवर चढला, तर तो कॅनडाचा म्हणून नव्हे, तर सर्वांच्या वतीने चढला आहे, हे पताका सांगे. या नियमांतील एक तरतूद मला विशेष वाटते. संकेत मिळाल्यावर ट्रॉलरने थांबायचे. पण जाळे टाकण्याचे किंवा ओढण्याचे काम चालू असेल, तर ते संपवून लगेच थांबायचे. थांबवणाऱ्याला अधिकार दिला, तसाच काम करणाऱ्याचा मानही राखला. पश्चिम आणि मध्य प्रशांत महासागरातील आयोगानेही २००६ साली खुल्या समुद्रातील तपासणीचे नियम केले; तेथेही तपासणी जहाजाने आयोगाचा बावटा स्पष्ट दिसेल असा लावावा लागतो.

बावट्याची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. वारा पडला की तो काठीला चिकटून लोंबतो. वारा नेमका आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर वाहत असेल, तर त्याची फक्त कड दिसते. रात्री तर तो दिसतच नाही. म्हणून गस्ती जहाजांनी खूण अंगावरच रंगवायला सुरुवात केली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९६७ साली जहाजांच्या पांढऱ्या अंगावर तिरका रंगीत पट्टा स्वीकारला. पुढे अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. भारतीय तटरक्षक दलाच्या जहाजांवरही तसा तिरका पट्टा दिसतो. रात्रीसाठी दिवे, भोंगे आणि रेडिओ आले.

खूण न करता केलेला पाठलाग

इतका वेळ आपण खुणा आणि रंग पाहिले. पण खूण केलीच नाही तर काय होते? दोन प्रकरणे पाहू.

मे १९६१ मध्ये फेरो बेटांजवळ डेन्मार्कच्या 'नील्स एबेसन' या मासेमारी तपासणी जहाजाने 'रेड क्रूसेडर' हा स्कॉटलंडचा ट्रॉलर अडवला आणि आपले दोन माणूस त्यावर ठेवले. ट्रॉलरने मात्र त्या दोघांना कोंडून घेऊन पळ काढला. गस्ती जहाजाने तोफ डागली. ट्रॉलर शेवटी ब्रिटिश युद्धनौकांच्या सोबतीने अॅबरडीनला पोहोचला. दोन्ही देशांनी मिळून चौकशी आयोग नेमला. १९६२ साली आयोगाने निष्कर्ष दिले : ट्रॉलरने हद्दीत मासेमारी केल्याचे सिद्ध होत नाही, पण जाळी आवरून न ठेवता तो हद्दीत आला होता, त्याला अटक झालेली होती आणि तरीही तो पळाला. तथापि पूर्वसूचना न देता गोळे डागणे आणि गरज सिद्ध झालेली नसताना माणसांचे जीव धोक्यात घालणे, ही बळाची मर्यादा ओलांडणारी कृती होती. चूक पळणाऱ्याची होती, म्हणून पाठलाग करणाऱ्याला काहीही करण्याची मोकळीक मिळत नाही, हा त्यातील मुद्दा.

दुसरे प्रकरण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. 'सैगा' हे तेलवाहू जहाज समुद्रातील मासेमारी जहाजांना डिझेल पुरवत असे. २७ ऑक्टोबर १९९७ रोजी त्याने गिनी देशाच्या किनाऱ्यापलीकडे तीन मासेमारी जहाजांना तेल दिले. यामुळे आपला कर बुडाला, असे गिनीचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी गिनीच्या गस्ती नौकांनी 'सैगा'ला गिनीच्या हद्दीबाहेर, दक्षिणेला गाठले, गोळीबार केला आणि पकडून नेले. दोन माणसे जखमी झाली.

आपल्या हद्दीत गुन्हा केलेल्या जहाजाचा पाठलाग करून त्याला हद्दीबाहेर पकडण्याचा हक्क किनाऱ्यावरील देशाला असतो. पण १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, कलम १११ मध्ये त्याला अटी आहेत. पाठलाग अखंड असला पाहिजे. पाठलाग करणारे जहाज सरकारी कामावर आहे हे त्याच्यावरील स्पष्ट खुणांवरून ओळखता आले पाहिजे. आणि दिसेल किंवा ऐकू येईल एवढ्या अंतरावरून थांबण्याचा संकेत दिल्यानंतरच पाठलागाला सुरुवात करता येते.

हे प्रकरण जर्मनीतील हॅम्बर्ग येथील आंतरराष्ट्रीय समुद्र कायदा न्यायाधिकरणापुढे गेले. (भारताचे पी. चंद्रशेखर राव हेही तेव्हा या न्यायाधिकरणाचे सदस्य होते.) आपण भोंगा वाजवला आणि निळे फिरते दिवे लावले, असे गिनीने सांगितले. 'सैगा'च्या कप्तानाने ते साफ नाकारले. १ जुलै १९९९ रोजी निकाल लागला. दिवे आणि भोंगा यांचे म्हणणे खरे धरले, तरी तो संकेत पाठलागाच्या सुरुवातीला दिलेला नव्हता. म्हणून हा पाठलागच कायदेशीर नव्हता, असे न्यायाधिकरणाने ठरवले. 'रेड क्रूसेडर'चा दाखला देऊन त्याने जहाज थांबवण्याच्या पायऱ्याही सांगितल्या. आधी सर्वमान्य खुणेने थांबण्याचा संकेत. त्याने भागले नाही तर इतर उपाय, जसे नाळेसमोरून इशाऱ्याची गोळी. सर्व उपाय हरले तरच शेवटी बळाचा वापर, तोही पुन्हा इशारा देऊन आणि जीवितहानी होऊ नये याची सर्व काळजी घेऊन. गिनीला २१ लाख डॉलरहून अधिक नुकसानभरपाई देण्याचा आदेश झाला.

पहिल्या पायरीला किती किंमत आहे पाहा! एक बावटा, एक भोंगा, एक दिवा. तो योग्य वेळी दाखवला नाही म्हणून पुढची सगळी कारवाई बेकायदा ठरली.

आपल्या किनाऱ्यावर

कोकणात बावटा कोणाला नवा नाही. नारळी पौर्णिमेला होड्या पताकांनी नटतात. वादळाची सूचना देण्यासाठी बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की तांडेल होडी समुद्रात घालत नाही. तो बावटा आपल्या भल्यासाठी आहे, याची त्याला खात्री असते. तपासणीच्या पताकेबद्दल तेवढी खात्री वाटायला मात्र वेळ लागतो.

भारताने १९७६ साली सागरी क्षेत्रांचा कायदा केला. त्यानुसार १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, आर्थिक क्षेत्र ठरले. एवढ्या मोठ्या पाण्यावर पहारा ठेवण्यासाठी १९७८ च्या कायद्याने तटरक्षक दल रीतसर उभे राहिले. परदेशी ट्रॉलर आपल्या समुद्रात चोरून मासेमारी करत. त्यांना थांबवून तपासण्याचा अधिकार १९८१ च्या कायद्याने मिळाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने आपला सागरी मासेमारी नियमन कायदा केला. किनाऱ्याजवळच्या पाण्यात यांत्रिक ट्रॉलरांनी घुसून लहान होड्यांचे मासे आणि जाळी ओरबाडू नयेत, हा अशा कायद्यांचा एक मुख्य हेतू आहे. २०२१ साली या कायद्यातील दंड वाढवण्यात आले. म्हणजे गस्ती नौका ही केवळ दंड करणारी नाही. ज्याची होडी लहान आहे, त्याच्यासाठी ती आधारही असते. उत्तर समुद्रावर वाहत्या जाळ्याच्या मच्छीमाराला जी तक्रार होती, तीच येथे वेगळ्या रूपात दिसते.

होडीची ओळखही आपल्याकडे महत्त्वाची ठरली, ती फार कडवट अनुभवातून. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी पोरबंदरच्या 'कुबेर' या मासेमारी ट्रॉलरचा ताबा घेऊन मुंबईजवळ आले. त्या ट्रॉलरच्या तांडेलाला आणि खलाशांना प्राण गमवावे लागले. ट्रॉलर खरा होता; आतली माणसे खरी नव्हती. त्यानंतर होड्यांची संगणकावर एकत्रित नोंदणी, प्रत्येक राज्याच्या होड्यांना वेगळे रंग आणि मच्छीमारांना ओळखपत्रे यांवर भर देण्यात आला. महाराष्ट्रातील होडीचा क्रमांक 'आयएनडी-एमएच' या अक्षरांनी सुरू होतो. बंदराच्या आद्याक्षराची १८८२ ची कल्पना येथे देश आणि राज्य यांच्या आद्याक्षरांत दिसते.

आता ओळख पटवण्याचे काम उपग्रहही करतात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेला प्रारंभ झाला. त्यावरून नौका कोठे आहे हे किनाऱ्यावर कळते, आणि संकटात सापडलेल्या मच्छीमाराला निरोपही पाठवता येतो. परंतु यंत्र बंद करता येते, जसा क्रमांक रंगाने झाकता येतो. आणि यंत्रामुळे पहारेकऱ्याला होडी दिसते. होडीला पहारेकरी दिसतोच असे नाही. अंधाऱ्या रात्री एखादी वेगवान नौका जवळ आली, तर ती सरकारी की चोरांची, हे तांडेलाने कसे ओळखावे? म्हणून जहाजावरील खूण, दिवा आणि थांबण्याचा संकेत यांचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. मोकळ्या समुद्रावर ज्याला दुसऱ्याला थांबवायचे आहे, त्याने आधी स्वतःची ओळख दाखवली पाहिजे. १८८२ पासूनचे सगळे नियम घोळून घोळून हेच सांगतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. करारातील अक्षर दहापट लहान करा : उंची ४.५ सेंटिमीटर, रेघेची जाडी ६ मिलिमीटर. काळ्या कागदावर पांढऱ्या रंगाने चार-पाच वेगवेगळी अक्षरे काढा. मैदानावर मुलांना २० मीटरवर उभे करून ती वाचायला सांगा, मग एकेक पाऊल मागे जायला सांगा. प्रत्येकाचे अंतर नोंदवा आणि सरासरी काढा. आपल्या हिशेबाशी ते कितपत जुळते? एखाद्या मुलाला फारच जवळ यावे लागले, तर त्याची दृष्टी तपासून घ्यायलाही हे निमित्त होईल.

२. कागदाच्या दोन सारख्या त्रिकोणी पताका करा. एक निळी-पिवळी, दुसरी लाल-हिरवी. कोणती किती अंतरावरून ओळखू येते? हाच प्रयोग संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर पुन्हा करा. मोबाइलवर दोन्हींचे कृष्णधवल छायाचित्र काढून तुलना करा.

३. किनाऱ्यावरील शाळांनी बंदरावरच्या होड्यांचे क्रमांक, रंग आणि बावटे यांची नोंद करावी. कोणता बावटा सजावटीचा, कोणता श्रद्धेचा आणि कोणता सूचनेचा, हे एखाद्या जुन्या तांडेलाला विचारावे. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नये : समुद्रात तुम्हाला कधी गस्ती नौकेने थांबवले आहे का, आणि ती सरकारी आहे हे तुम्ही कशावरून ओळखले? मिळालेली उत्तरे वहीत जशीच्या तशी उतरवून ठेवावीत.